ब्रोकन मेन : एकवचन आणि अनेकवचन

इंग्रजीत ‘ब्रोकन मॅन’ म्हटलं की एक माणूस दिसतो. धंद्यात बुडालेला, घरादारानं टाकलेला, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. त्याचं दुखणं त्याच्यापुरतं. त्याला दवाखान्यात न्या, चार शब्द समजुतीचे सांगा, चार पैसे उसने द्या. झालं.

आता त्याचं अनेकवचन करा. ‘ब्रोकन मेन’. शाळेतले गुरुजी सांगतील, एकाचे अनेक झाले, अर्थ तोच. पण बाबासाहेबांच्या पुस्तकात अर्थ तोच राहत नाही. तिथं हा शब्द कुणाच्या मनाची अवस्था सांगत नाही. माणसांच्या एका मोठ्या लोंढ्याचं इतिहासात काय झालं, ते सांगतो. या एका अनेकवचनावर मला लिहायचंय. कारण आपल्यातली चांगली वाचणारी पोरंसुद्धा हा शब्द एकवचनात वाचतात. आणि मग तसंच जगायला लागतात.

पुस्तक ‘द अनटचेबल्स’. साल १९४८. अस्पृश्य मुळात कोण होते आणि ते अस्पृश्य का झाले, एवढाच प्रश्न. बाबासाहेबांची मांडणी थोडक्यात अशी. माणूस आधी टोळीनं भटकत होता. गुरंढोरं हीच इस्टेट. पुढं काही टोळ्या शेती करून एका जागी बसल्या, काही भटकत्याच राहिल्या. बसलेल्यांकडं धान्य आलं, घरं आली, आणि भटक्यांच्या धाडीपासून ते राखायची पाळी आली. दुसरीकडं टोळ्याटोळ्यांच्या लढाया चालूच. हरलेली टोळी समूळ मरत नव्हती. फुटत होती. तिची माणसं दहा दिशांना पांगत होती. टोळीच्या जमान्यात ज्याला टोळी नाही त्याला कुणीही मारावं, विचारणारा कुणी नाही. ही पांगलेली माणसं म्हणजे ब्रोकन मेन.

गावाला राखणदार पाहिजे होता. पांगलेल्यांना आसरा पाहिजे होता. सौदा झाला. तुम्ही आमची राखण करा, आम्ही तुम्हाला जागा न् भाकर देऊ. पण जागा कुठं? गावाच्या आत नाही. कारण एक, रक्ताच्या नात्यानं बांधलेल्या टोळीत परका माणूस बसत नाही. कारण दोन, धाड बाहेरून येते, तर राखणदार बाहेरच पाहिजे. म्हणून कुसाबाहेर. म्हणजे बाबासाहेब सांगतात की आपल्याला कुणी विटाळापायी गावातून हाकलून बाहेर घातलं नाही. आपण पहिल्यापासून बाहेरच होतो, आणि तेव्हा विटाळ नव्हता. ‘अंत्यज’ या शब्दातला ‘अंत’ हा सृष्टीच्या शेवटी जन्मल्याचा नाही, गावाच्या शेवटी राहण्याचा आहे, असं ते म्हणतात. विटाळ नंतर आला. ही माणसं बौद्ध होती, ब्राह्मणी धर्माला नमली नाहीत, गोमांस खाणं सोडलं नाही, म्हणून इसवी सन ४०० च्या सुमारास अस्पृश्यता लादली गेली, असं त्यांचं म्हणणं.

हा शब्द बाबासाहेबांनी मनानं घडवला नाही. इंग्रजी मुलखात तो जुना आहे. सोळाव्या शतकातल्या स्कॉटलंडात तो कायद्याच्या भाषेत होता. ज्याच्या वागण्याची हमी द्यायला कुठला टोळीप्रमुख नाही, अशा माणसांना तिथं ब्रोकन मेन म्हणत. मॅक्ग्रेगर नावाच्या कुळाचं तर १६०३ साली नावच बंद केलं. ते नाव लावलं तर मरणाची शिक्षा. ती बंदी कायमची उठायला १७७४ साल उजाडलं. वॉल्टर स्कॉटची ‘रॉब रॉय’ ही १८१७ ची कादंबरी या कुळातल्या माणसावर आहे. आपल्याला ती वाचायला देतात तेव्हा डोंगरदऱ्यांतली साहसकथा म्हणून देतात. कुळाचं नाव सरकारनं पुसलं होतं ही गोष्ट तळटिपेत.

बाबासाहेबांनी आयर्लंडचा दाखला घेतला तो हेन्री मेन या कायदेपंडिताकडून. हा मेन १८६२ ते १८६९ हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होता. पुढं १८७५ साली त्यानं जुन्या संस्थांच्या इतिहासावर व्याख्यानांचं पुस्तक काढलं. त्यात आयर्लंडातल्या ‘फुइधिर’ नावाच्या लोकांची हकिकत आहे. आपल्या टोळीपासून तुटून दुसऱ्याच्या मुलखात आलेली, तिथल्या प्रमुखाच्या पडीक जमिनीवर राहणारी माणसं. वेल्समध्ये अशाच परक्यांना ‘अल्टुड’ म्हणत. त्यांचीही वस्ती वेगळी. बाबासाहेब हे दाखवतात आणि मग खरा प्रश्न विचारतात. तिकडं फुइधिर आज कुठं आहेत? नाहीत. मिसळून गेले. वेल्सचा जुना नियम होता की परक्याचा वंश तिथंच राहिला तर नवव्या पिढीत तो तिथला होतो. आणि पिढ्यान् पिढ्या तिथल्या बायकांशी लग्नं होत गेली तर चौथ्याच पिढीत होतो. चार पिढ्या. शंभर वर्षं धरा. मग आपल्याकडं तुटलेली माणसं हजारो वर्षं तुटलेलीच का राहिली? कारण इथं चौथी पिढी येऊच दिली नाही. मध्ये विटाळ आडवा घातला. जातीबाहेरचं लग्न बंद म्हणजेच जात, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात पंचविशीत सांगितलं होतं. ३२ वर्षांनी त्याचीच दुसरी बाजू या पुस्तकात आली.

माझा आजा येसकर होता. सोलापूरच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात. हातात घुंगुरकाठी, अंगावर घोंगडं. सरकारी कागदात त्याला कनिष्ठ गावनोकर म्हणत. आजी सांगायची, “आमचं मानूस येशीवर जागायचं, तवा गाव घोरत पडायचं. आन् सकाळी त्येच गाव म्हनायचं, लांबनं भाकर घे.” आजी शाळेत गेली नव्हती. पण बाबासाहेबांच्या पुस्तकाची दोन प्रकरणं तिच्या दोन वाक्यांत होती. पहिल्या वाक्यात सौदा. दुसऱ्यात विटाळ.

कुणी म्हणेल, मग राखणदार होतो याचा अभिमान धरावा का? बाबासाहेबांनी तसलं काही केलं नाही. १९२८ सालीच त्यांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं, आणि हे वतन आपल्या गळ्यातला फास आहे असं गावोगाव सांगितलं. १ ऑगस्ट १९५९ पासून कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. म्हणजे मूळ सौदा काय होता हे माहीत असणं निराळं, आणि तो सौदा अजून चालवणं निराळं. ‘बावन हक्का’ची गोष्ट बघा. घरोघर भाकरी मागायचा हक्क, सुगीत बलुतं घ्यायचा हक्क, मेलेलं ढोर ओढायचा हक्क. महार सांगत की ही सनद बेदरच्या मुसलमान बादशहानं दिली. बाबासाहेब म्हणतात, बादशहानं फार तर त्यावर शिक्का मारला असेल, हक्क त्याच्याही आधीचे, त्या पहिल्या सौद्यातले. भीक वाटते ती मुळात मजुरी होती. एवढं कळलं तरी आज्याच्या हातातली भाकर निराळी दिसते.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. सोलापूरहून मंगळवेढा पन्नास-पंचावन्न किलोमीटर. परंपरा सांगते की तिथं गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला महार होते. कूस ढासळली आणि माणसं खाली गाडली गेली. त्यांत चोखामेळा होता. साल १३३८. मग नामदेव आले, हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोख्याची म्हणून निवडली, आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी केली. देवळाच्या बाहेर. आत नाही.

कीर्तनकार हाडांपाशी थांबतात. आपण कुसापाशी थांबायला पाहिजे. ज्या भिंतीच्या बाहेर राहायचं, तीच भिंत बांधायची. जिच्या आत कधी झोपायचं नाही, तिची राखण करायची. आणि ती पडली तर आपल्याच अंगावर. चोख्याबरोबर मेलेल्या बाकीच्यांची नावं कुठं आहेत? चोखा संत म्हणून एकवचनात राहिला. मेले ते अनेकवचनात होते.

‘द अनटचेबल्स’ची अर्पणपत्रिका पाहा. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. आपल्या चळवळीत चोखोबाबद्दल दोन मतं आहेत. शरण गेलेला संत, असं म्हणणारे पुष्कळ. पण ज्या पुस्तकात कुसाबाहेरच्या माणसांचा छडा लावायचा होता, ते बाबासाहेबांनी कुसाखाली मेलेल्या माणसाच्या स्मृतीला वाहिलं. त्याच्या प्रस्तावनेवर १ जानेवारी १९४८ ही तारीख आहे. त्याआधी आठ महिने, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं होतं. बाबासाहेब दाराच्या प्रश्नावर अडले नाहीत. भिंत कुणी आणि का घातली, तिकडं गेले.

आता मराठी शब्दांकडं. इंग्रजीतलं एक अनेकवचन मराठीत आणताना कोण काय निवडतो यावरून त्याची जागा कळते. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ घ्या. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, त्याच्या मंडळीचं मराठी नाव ‘निराश्रित साहाय्यकारी’. निराश्रित म्हणजे आसरा नसलेले. कशामुळं नाही, ते शब्द सांगत नाही. १९२४ साली बाबासाहेबांनी सभा काढली तिचं नाव ‘बहिष्कृत हितकारिणी’. बहिष्कृत म्हटलं की बहिष्कार घालणारा कोण, हा प्रश्न शब्दातच येऊन बसतो. माणसं तीच. एक शब्द दया मागतो, दुसरा जाब विचारतो. याच सभेनं ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. खेड्याखेड्यातून आलेली पोरं एका छपराखाली आली, राहायची, शिकायची, आणि त्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिकही चालवलं. पांगलेल्यांना एकत्र करणं म्हणजे काय, ते भाषणात नाही, त्या खोल्यांत दिसलं.

आणि ‘दलित’? संस्कृतातला ‘दल्’ म्हणजे फुटणं, चिरफळ्या होणं. आपलं ‘दळणं’ तिथलंच. ‘डाळ’ही तिथलीच, मधोमध फुटलेली. म्हणजे ‘दलित’चा शब्दशः अर्थ ‘ब्रोकन’च्या अगदी जवळ जातो. पण आपल्या बोलण्यात ‘दलित’ म्हणजे तुडवलेला, चिरडलेला एवढाच उरला. १९७२ साली पँथर आली, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात तिनं या शब्दाचं अनेकवचन ताणून मोठं केलं. अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया, सगळे नाडलेले त्यात घेतले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं उच्च न्यायालयाच्या निर्देशाचा हवाला देऊन वाहिन्यांना सांगितलं की ‘दलित’ शब्द टाळा, ‘अनुसूचित जाती’ म्हणा. आपल्यातलेही पुष्कळ म्हणतात, आम्ही बौद्ध, दलित म्हणू नका. दोन्हींची कारणं एक नाहीत. सरकारी शब्द यादीतला आहे. यादीत नाव असतं, यादी का करावी लागली ते नसतं. ‘बौद्ध’ हा तुटलेल्यांनी स्वतः जोडलेला शब्द आहे, म्हणून तो पुढचा आहे. पण तुटणं विसरून जोडणं समजत नाही. बाबासाहेबांच्या मांडणीत तर तुटलेली माणसं आधीच बौद्ध होती. १९५६ चा अर्थ तिथून लागतो.

बुधवार पेठेतल्या एका खोलीत आम्ही हे पुस्तक वाचत होतो. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “दादा, मेन म्हंजे गडीमाणसंच का? बाया कुठं गेल्या?” खोली गप्प. मग एक जण म्हणाला, इंग्रजीत तसंच असतं. ती म्हणाली, “असू दे. आपन मराठीत आनताना तरी आनू की त्यांना.” तिचं बरोबर होतं. मराठीत सोयही आहे. ‘माणूस’ पुल्लिंगी, पण अनेकवचन ‘माणसं’ नपुंसकलिंगी, त्यात बाई आली, पोर आलं. ‘तुटलेली माणसं’ म्हटलं की सोयरा येते, निर्मळा येते. चोख्याची बायको आणि बहीण, दोघींचे अभंग आहेत. आणि वेल्सचा तो चौथ्या पिढीचा नियम आठवा. जोडलं गेलं ते बायकांमुळं. आपल्याकडं जात राखली ती बायकांवर पहारा बसवून. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सोनई २०१३ ला आणि खर्डा २०१४ ला झालं. दोन्हीकडं आपली पोरं मारली गेली ती वरच्या जातीच्या मुलीशी नाव जोडलं म्हणून. पहिली पिढी सुरू व्हायच्या आतच भिंत अंगावर घातली.

साहित्यात हे कसं उतरतं ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका पुस्तकावरून बघा. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. ‘अक्करमाशी’ १९८४ चं. आई महार, बाप पाटील. तोळ्याला बारा मासे, हा अकराचा. म्हणजे पुरा नाही. वेल्समध्ये ज्या मिश्रणातून पुरा माणूस निघाला, अक्कलकोट तालुक्यात त्याच मिश्रणातून एक मासा कमी भरला. इंग्रजीत हे पुस्तक २००३ साली ‘द आउटकास्ट’ म्हणून गेलं. शब्द समजतो, पण तराजू गेला. ‘बलुतं’ १९७८, ‘उपरा’ १९८०, ‘उचल्या’ १९८७. सगळी ‘मी’नं लिहिलेली, नावंही एकवचनी. पण वाचताना कुणाला वाटतं का की ही एकेका माणसाची रडकथा आहे? वाटतं. पांढरपेशा वाचकाला वाटतं. तो म्हणतो, बिचाऱ्यानं किती सोसलं. म्हणजे त्यानं अनेकवचनाचं एकवचन केलं आणि स्वतः भिंतीच्या आत सुखरूप राहिला.

हाच डाव आजही चालतो. ‘डिप्रेस्ड’ शब्द बघा. अनेकवचनात तो दडपलेले वर्ग होता, त्यात दडपणारा धरलेला होता. आज एकवचनात तो आजार झालाय. पोरगं डिप्रेस्ड आहे, गोळ्या द्या. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा कुणी त्याला वैयक्तिक नैराश्य म्हटलं. चळवळीनं संस्थात्मक हत्या म्हटलं. हे भांडण नुसतं शब्दांचं नव्हतं. मेलेला माणूस एकवचनात पुरायचा की अनेकवचनात, याचं होतं.

माझं म्हणणं असं नाही की मनाचं दुखणं खोटं. ज्याला डॉक्टर लागतो त्यानं डॉक्टरकडं जावं, लाजू नये. पण तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन घरी बसलेलं आपलं पोरगं जेव्हा म्हणतं, “मीच तुटलोय, माझ्यातच कायतरी खोट हाय,” तेव्हा त्याच्यापुढं हे पुस्तक ठेवावं. खोट त्याच्यात नाही. तुटणं आहे, ते पाहिलं पाहिजे, आणि कुठून तुटलं तेही.

इतिहासकार हा सिद्धान्त मानतात का? सगळे मानत नाहीत. बाबासाहेबांनाही ते ठाऊक होतं. प्रस्तावनेत ते मोकळेपणानं सांगतात की मेलेला भूतकाळ उभा करायचा तर पुराव्याच्या दुव्यांमध्ये कल्पनेनं पूल बांधावा लागतो. तिथं ते मॅक्झिम गॉर्कीला साक्षीला बोलावतात. कायद्याचा पंडित, आणि साक्षीदार कादंबरीकार. जे लिहू पाहतात त्यांनी ही जागा दोनदा वाचावी. पुरावा नाही म्हणून गप्प बसू नका, आणि कल्पना आहे म्हणून पुराव्याचा शोध सोडू नका. मंगळवेढ्याला जा. कुणाच्या आज्याची घुंगुरकाठी माळ्यावर पडली असेल ती उतरवा. वतनाचे कागद ट्रंकेत असतील ते वाचा. आजीला बोलतं करा आणि ती बोलते तसंच उतरून घ्या, शुद्ध करू नका. आणि लिहाल तेव्हा ‘मी’ खुशाल लिहा. फक्त त्या ‘मी’च्या मागं किती माणसं उभी आहेत, ते वाचणाऱ्याला मोजायला लावा.

जय भीम.